हृदयाच्या झडपेची दुसरी खेप

गेल्या पौषाच्या अखेरीस एके दिवशीं दिवेलागणीच्या सुमारास आमचे जुने स्नेही नाना काखेंत एक जाडजूड फाइल घेऊन आमच्याकडे आले. नानांचें घर म्हणजे हल्लीं विरळा झालेलें एकत्र कुटुंब. दोन मुलगे, दोन सुना, चार नातवंडें आणि नव्वदी ओलांडलेल्या त्यांच्या मातोश्री अशीं सारीं एका छपराखालीं नांदतात. नाना स्वतः निवृत्त मुख्याध्यापक. बोलणें मोजकें आणि मुद्द्याचें. परंतु त्या दिवशीं त्यांस खुर्चीवर स्वस्थ बसवत नव्हतें. "बारा वर्षांपूर्वीं धाकट्या सूनबाईंची झडप बदलली," ते म्हणाले, "पैसा गेला तो गेला, पण त्या पोरीनें काय सोसलें तें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें. आतां सांगतात कीं ती झडप निकामी झाली, पुन्हां छाती उघडावी लागेल. मग पहिल्या वेळीं केलें तें काय? डॉक्टर चुकले, कीं आम्ही फसलों?"

हा प्रश्न एकट्या नानांचा नाहीं. ज्या घरांत एकदां झडपेची शस्त्रक्रिया झाली आहे अशा पुष्कळ घरांत तो केव्हांना केव्हां उभा राहतो. आणि राहतो तो नेमका अशा घटकेस कीं जेव्हां शांतपणें विचार करण्यास कोणाचेंच चित्त ठिकाणावर नसतें. म्हणून त्याविषयीं चार गोष्टी आधींच लिहून ठेवाव्या असें आम्हांस वाटलें. धाकट्या सूनबाईंची हकीकत येथें देण्यास त्यांनीं स्वतः संमति दिली आहे.

हृदय म्हणजे दिवसाकाठीं सुमारें १ लाख वेळां आकुंचन पावणारा पंप. त्याच्या चार झडपा म्हणजे एकाच बाजूस उघडणारीं दारें. रक्त पुढें जाऊं द्यावयाचें, मागें फिरूं द्यावयाचें नाहीं, एवढेंच त्यांचें काम. डाव्या बाजूच्या वरच्या व खालच्या कप्प्यांमध्यें जी दोन दलांची झडप असते, तिचें तोंड निरोगी माणसांत ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असतें. आपल्या देशांत या झडपेचा मोठा वैरी म्हणजे लहानपणचा संधिज्वर. ५ ते १५ वर्षांच्या वयांत घसा सुजतो, दोन-तीन आठवड्यांनीं ताप येतो, गुडघे-घोटे दुखतात. सांधे बरे होतात, घरचे लोक विसरतात. झडपेचीं दलें मात्र पुढें कित्येक वर्षें हळूहळू जाड आणि ताठर होत एकमेकांस चिकटत राहतात. धाकट्या सूनबाईंचें असेंच झालें. माहेरीं दहाव्या वर्षीं आलेला ताप "वाढीचें दुखणें" म्हणून सोडून दिला होता. त्याची ओळख पटली ती लग्नानंतर जिना चढतांना दम लागूं लागला तेव्हां.

दुसऱ्या खेपेचा प्रश्न या शस्त्रक्रियेइतकाच जुना आहे. १९२५ सालीं लंडनमध्यें हेन्री साउटर यांनीं एका तरुण मुलीच्या धडधडत्या हृदयांत बोट घालून अशी आवळलेली झडप मोकळी केली. मुलगी जगली, तरी दुसरा रुग्ण म्हणून त्यांच्याकडे कोणा वैद्यानें पाठविला नाहीं! पुढें १९४८ च्या जूनमध्यें फिलाडेल्फियाचे चार्ल्स बेली आणि बॉस्टनचे ड्वाइट हार्कन यांनीं कांहीं दिवसांच्या अंतरानें तीच क्रिया यशस्वी केली, आणि त्यानंतरच्या दशकांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. पी. के. सेन यांनीं ती आपल्याकडे रुजविली. बोटानें मोकळीं केलेलीं दलें पुष्कळांच्या बाबतींत कित्येक वर्षें नीट चाललीं. पण मूळचा विकार गेलेला नसल्यामुळें कांहींचीं पुन्हां चिकटलीं, आणि तीं माणसें दुसऱ्यांदा शस्त्रवैद्यापुढें येऊन बसलीं.

झडप दुरुस्त होण्यापलीकडे गेली तर ती काढून नवी बसवावी, ही कल्पना सुचणें सोपें, पण त्यासाठीं हृदय कांहीं वेळ थांबवून तें काम एखाद्या यंत्राकडे सोंपविणें अवश्य होतें. तें यंत्र जॉन गिबन यांनीं ६ मे १९५३ रोजीं माणसावर यशस्वीपणें चालविलें. त्यानंतर सात वर्षांनीं अमेरिकेंतील पोर्टलंड शहरीं आल्बर्ट स्टार या तरुण शस्त्रवैद्यानें लोवेल एडवर्ड्स या निवृत्त यंत्रविशारदाच्या मदतीनें पिंजऱ्यांत फिरणाऱ्या गोळीची झडप मनुष्याच्या हृदयांत बसविली. एडवर्ड्स आले होते ते सबंध कृत्रिम हृदयच बनवूं म्हणून. स्टार म्हणाले, आधीं एक झडप करून पाहूं. आमच्या मतें या एका शहाणपणाच्या उत्तरानें जितके जीव वांचले तितके मोठमोठ्या घोषणांनीं वांचले नसतील.

तेव्हांपासून आजतागायत नव्या झडपेच्या दोन जाती आहेत. एक यांत्रिक, म्हणजे धातूची अगर विशिष्ट कठीण कार्बनची. आपल्याकडे त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेंत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखालीं तयार झालेली आणि डिसेंबर १९९० मध्यें प्रथम रुग्णास बसविलेली झडप याच जातीची. ही झडप सहसा झिजत नाहीं. परंतु शरीराच्या दृष्टीनें ती परकी वस्तु. तिच्यावर रक्त गोठून गांठी धरतात. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि वरचेवर रक्त तपासून तिचें प्रमाण राखावें लागतें. या गोळ्यांपैकीं प्रसिद्ध जी वॉरफरिन, तिचा वंशवृक्ष मोठा विचित्र आहे. अमेरिकेंत नासका चारा खाऊन गुरें रक्तस्रावानें मरूं लागलीं, त्याचें कारण शोधतां शोधतां विस्कॉन्सिन विद्यापीठांत मूळ द्रव्य सांपडलें. त्यापासून प्रथम उंदीर मारण्याचें औषध झालें आणि मग माणसांस तारण्याचें. असो.

दुसरी जात जैव झडपेची. डुकराची झडप, किंवा गाईच्या हृदयावरील आवरण, कातडें कमावण्यासाठीं वापरतात तसल्या एका रसायनांत मुरवून ती तयार करतात. पॅरिसचे आलँ कार्पांत्ये हे या मार्गाचे आद्य प्रवर्तक. हिच्यावर रक्त सहसा गोठत नाहीं, म्हणून जन्मभराची गोळी बहुधा टळते. परंतु ही झडप झिजते. तिच्यांत चुना धरतो, दलें ताठतात, क्वचित् फाटतात. साधारणपणें १० ते १५ वर्षांचें तिचें आयुष्य, आणि नवल असें कीं रुग्ण जितका तरुण तितकी ती लवकर निकामी होते. सत्तरीच्या गृहस्थाला जी झडप जन्माची पुरेल ती सत्ताविसाव्या वर्षीं बसविली तर पुरणार नाहीं, हें बसवितांनाच ठाऊक असतें.

मग सत्ताविशीच्या सूनबाईंना तीच कां बसविली? त्यांस मूल हवें होतें म्हणून. वॉरफरिन वारेच्या द्वारें गर्भापर्यंत पोंचतें आणि विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत त्याला अपाय करतें. गोळी थांबवावी तर यांत्रिक झडपेवर गांठ धरून आईच्याच जिवावर बेततें. शिवाय गरोदरपणीं रक्त एरव्हींपेक्षां अधिक गोठतें. म्हणून त्यांच्या शस्त्रवैद्यांनीं जैव झडप सुचविली, आणि सूनबाईंनीं ती पत्करली.

आतां नानांच्या घरांत त्या वेळीं काय झालें तें सांगितलें पाहिजे, कारण आमच्या वाचकांच्या घरींहि तें होणें अगदीं संभवनीय आहे. झडप डुकराची कीं गाईची, हा शब्द बाहेर पडतांच घरांत सोंवळ्या-ओंवळ्याचा असा कांहीं वाद माजला कीं आठ दिवस दुसरें कांहीं कोणाला सुचलें नाहीं. डुकराचें नांव घेववत नव्हतें, आणि गाईचें तर त्याहून नको! नानांनीं दोन पोथ्या चाळल्या, थोरल्या चिरंजिवांनीं एका शास्त्र्यांचें मत घेतलें, व्याह्यांचीं दोन पत्रें झालीं. शेवटीं मातोश्रींनींच निकाल दिला. "देवापुढें कीर्तनांत मृदंग वाजतो," त्या म्हणाल्या, "त्याला कातडें कशाचें असतें, हें कोणी बुवांना विचारलें आहे का?" वाद मिटला. मातोश्रींच्या बुद्धीविषयीं आम्हांस पूर्वींपासूनच आदर आहे.

परंतु त्या आठ दिवसांत एक वाक्य सर्वांच्या कानांवरून निसटलें. आम्हीं नानांच्या हातांतील फाइल घेऊन मागचीं पानें चाळलीं. शस्त्रक्रियेपूर्वींच्या संमतिपत्रावर डॉक्टरांच्या हस्ताक्षरांत स्वच्छ लिहिलें होतें कीं, झडप जैव, आयुष्य अंदाजें १० ते १५ वर्षें, पुढें पुन्हां शस्त्रक्रिया लागेल हें रुग्णास व नातलगांस समजावून सांगितलें. त्याखालीं सूनबाईंची सही, धाकट्या चिरंजिवांची सही, आणि साक्षीदार म्हणून ठसठशीत देवनागरींत खुद्द नानांची. नानांनीं चष्मा पुसला, पुन्हां वाचलें, आणि बराच वेळ कांहींच बोलले नाहींत.

आम्हीं त्यांस एवढेंच म्हटलें कीं बारा वर्षें आणि दोन नातवंडें हा त्या झडपेचा हिशेब आहे. त्या बारा वर्षांत ती सुमारें ४४ कोटी वेळां उघडली आणि मिटली. जें देण्याचा करार होता तें तिनें दिलें. तेव्हां पहिली शस्त्रक्रिया फसली असें म्हणतां येत नाहीं. चूक झाली असेल तर ती त्यानंतर.

ती चूक अशी. पहिलीं कांहीं वर्षें दर वर्षीं एकदां हृदयाची इको तपासणी नियमानें होत असे. २०२० सालच्या साथींत एक वर्ष चुकलें, आणि तें एकदां चुकलेलें मग चुकतच राहिलें. झडप झिजूं लागली आहे हें त्या तपासणींत दम लागण्याच्या कितीतरी आधीं दिसतें. पण दिसण्यासाठीं पाहावें लागतें. गेल्या भाद्रपदांत गौरींच्या वेळीं सूनबाई माडीवर तांब्याची घागर नेतांना जिन्यांत दोन वेळां थांबल्या. कोणी विचारलें तर म्हणाल्या, वजन वाढलें आहे. दिवाळींत फराळ झाल्यावर पाय सुजले. म्हणाल्या, उभ्यानें काम झालें. मार्गशीर्षांत रात्रीं आडवें पडलें कीं खोकला येऊं लागला, तेव्हां त्यांनीं उशीवर उशी घेतली, मग तिसरी घेतली. ती तिसरी उशी नवऱ्याला दिसली नाहीं, सासूबाईंना दिसली नाहीं. ती दिसली थोरल्या जाऊबाईंना, कारण ती त्यांच्याच खोलींतून गेली होती. दुसऱ्या दिवशीं त्यांनींच धाकटीला गाडींत घालून इस्पितळ गांठलें.

एकत्र कुटुंबाविषयीं आम्हीं या पानांतून नेहमीं चांगलेंच लिहिलें आहे. म्हणून एक कठोर गोष्ट लिहिण्याचा आम्हांस अधिकार आहे असें समजतों. ज्या घरांत कामाला दहा हात असतात तेथें दुखण्याकडे पाहणारे दोन डोळे नेमलेले नसतात. प्रत्येकाला वाटतें, दुसऱ्यानें पाहिलें असेल. आणि सून तर बोलत नाहींच. आपल्यामुळें घराचा सण अडूं नये हें तिला लहानपणापासून शिकविलेलें असतें.

नाना आमच्याकडे आले होते ते वास्तविक दुसऱ्याच कामासाठीं. तें हळूहळू बाहेर आलें. धाकट्या सूनबाईंच्या धाकट्या मुलाची मुंज वैशाखांत ठरली होती. कार्यालय घेतलें होतें, पत्रिकांचा मजकूर झाला होता. तोंवर औषधांवर निभावून न्यावें आणि मुंजीनंतर शस्त्रक्रिया करावी, असें आम्हीं डॉक्टरांस सांगून पाहावें अशी त्यांची इच्छा होती. आम्हीं तें साफ नाकारलें. पण डॉक्टरांकडे त्यांच्याबरोबर जाण्याचें कबूल केलें.

दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षां अवघड कां, हें त्या दिवशीं शस्त्रवैद्यांनीं नानांस कागदावर आकृति काढून समजाविलें. पहिल्या वेळीं छातीचें मधलें हाड उभें चिरलें जातें आणि शेवटीं पोलादी तारांनीं शिवलें जातें. हृदय आणि हाड यांच्यामध्यें निसर्गतः जी मोकळी जागा असते, ती भरून येतांना सारें एकमेकांस चिकटतें. हृदयाचा उजवा कप्पा, महारोहिणी, मोठ्या नीला, यांपैकीं कांहींहि हाडाच्या थेट पाठीमागें चिकटून बसलेलें असूं शकतें. करवत तेथें चालवावयाची! म्हणून आधीं सी. टी. स्कॅन करून कोठें किती अंतर राहिलें आहे तें मोजतात. अंतर फारच कमी असेल तर हाड उघडण्यापूर्वींच मांडीच्या रक्तवाहिन्यांतून हृदय-फुप्फुस यंत्र जोडण्याची तयारी करतात. मग चिकटलेले पदर एक एक करून सोडवावयाचे, जुनी झडप तिच्या टांक्यांसह कापून काढावयाची, आणि तिच्या जागीं नवी बसवावयाची. वेळ अधिक लागतो, रक्त अधिक जातें, धोका अधिक.

"पण खरा फरक पहिली-दुसरीचा नाहीं," डॉक्टर म्हणाले. "फरक आहे तो ठरवून केलेलीचा आणि मध्यरात्रीं करावी लागलेलीचा. आज फुप्फुसांतलें पाणी औषधांनीं उतरलें आहे, मूत्रपिंडें चांगलीं आहेत. आणखी चार महिन्यांनीं तीं तशीं असतील असें मी लिहून देणार नाहीं. दल एकदम फाटलें तर त्या रात्रीं मी येईनच. पण तेव्हां माझ्या हातांत आज आहे तेवढें कांहीं नसेल." नानांनीं मुंजीचा विषय काढलाच नाहीं.

छाती न उघडतां होणार नाहीं का, हा प्रश्न धाकट्या चिरंजिवांनीं विचारला, आणि तो योग्यच होता. १६ एप्रिल २००२ रोजीं फ्रान्समधील रूआँ येथें आलँ क्रिबिए यांनीं रक्तवाहिनींतून नळी नेऊन महारोहिणीची झडप बसविली, आणि पुढें थोड्याच वर्षांत निकामी झालेल्या जैव झडपेच्या पोटांतच दुसरी झडप याच मार्गानें उघडण्याची युक्ति निघाली. वयोवृद्ध रुग्णांस, ज्यांना दुसरी मोठी शस्त्रक्रिया सोसणार नाहीं त्यांस, हा मोठाच आधार आहे. द्विदल झडपेसाठीं मांडीच्या नीलेंतून जाऊन हृदयाचा मधला पडदा भेदून तेथें पोंचतात. परंतु कड्याच्या आंत कडें घातलें कीं वाट तेवढी अरुंद होते. आणि ही आंतली झडपहि जैवच, म्हणजे तीहि झिजणार. एकोणचाळीस वर्षांच्या बाईला हा मार्ग म्हणजे तिसऱ्या खेपेस आजच निमंत्रण.

तिसरी खेप येतच नाहीं असें नव्हे. हॉलिवूडचे नट आर्नल्ड श्वार्झनेगर यांची महारोहिणीची झडप जन्मतःच सदोष होती. १९९७ सालीं त्यांनीं यांत्रिक झडप नाकारली, कारण तिनें त्यांच्या व्यायामावर बंधनें आलीं असतीं. त्यांचीच फुप्फुसाकडील झडप काढून महारोहिणींत बसविली आणि तिच्या जागीं दुसऱ्याची ऊति घातली. २०१८ मध्यें ती बदलण्याचा नळीचा प्रयत्न चालू असतां गुंतागुंत झाली व तातडीनें छाती उघडावी लागली. २०२० मध्यें महारोहिणीची झडप पुन्हां बदलली. एवढा बलदंड पुरुष, पण करार तोच: जन्मभराचें बंधन नको असेल तर पुन्हां यावें लागेल.

निर्णय कोणी घ्यावयाचा, यावर गाडींतून परततांना पुरुषमंडळींत चर्चा चालली होती. सूनबाई मागें बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, पहिल्या वेळीं मला मुलें हवीं होतीं, तेव्हां मी गोळी टाळली. आतां मुलें झालीं. आतां गोळी घेईन. धातूची बसवा." भाऊजींनीं गाडीचा वेग कमी केला, बाकी कोणी कांहीं म्हणालें नाहीं. यांत्रिक झडप म्हणजे पुन्हां कधींच शस्त्रक्रिया नाहीं अशी हमी नव्हे. जंतुसंसर्ग झाला, गोळी चुकून गांठ धरली, किंवा भोंवतालची ऊति वाढून झडप अडली, तर तिसरी खेप येऊं शकते. हेंहि डॉक्टरांनीं सांगितलें होतें, आणि या वेळीं तें सर्वांनीं ऐकलें होतें.

ज्या घरांत अशी झडप आहे त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. गोळी रोज ठराविक वेळीं, उपवासाच्या दिवशींहि. रक्त किती पातळ आहे तें सांगणारा आय. एन. आर. नांवाचा आंकडा द्विदल झडपेच्या यांत्रिक रुग्णांत साधारण २.५ ते ३.५ च्या दरम्यान ठेवतात; तो डॉक्टर सांगतील तेव्हां तपासून वहींत लिहावा. पालेभाजी वर्ज्य नाहीं, पण आज मुळींच नाहीं आणि उद्यां वाडगाभर असें करूं नये, कारण पानांतील के जीवनसत्त्व गोळीच्या उलट काम करतें. दुखण्यावरची गोळी, काढा, चूर्ण, कोणीं कितीहि प्रेमानें दिलेलें असो, डॉक्टरांस विचारल्याखेरीज पोटांत जाऊं नये. दांत काढावयाचा असेल तर दंतवैद्यास झडपेविषयीं आधीं सांगावें. हिरडींतून रक्तांत गेलेले जंतु झडपेवर घर करतात, आणि तें टाळण्यासाठीं आधीं औषधाची मात्रा देतात. संधिज्वर पुन्हां उलटूं नये म्हणून दर तीन-चार आठवड्यांनीं पेनिसिलिनचें इंजेक्शन सांगितलें असेल तर झडप बदलली म्हणून तें बंद करूं नये.

शस्त्रक्रिया माघांत झाली. ती सकाळीं आठास सुरू होऊन सायंकाळीं आटोपली. दुसऱ्या रात्रीं रक्त थांबेना म्हणून कांहीं तास चिंतेचे गेले; मग थांबलें. सतराव्या दिवशीं सूनबाई घरीं आल्या. मुंजीची तिथि नानांनीं आपण होऊन रद्द केली होती. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानें ज्येष्ठांत धरली, तोंवर छातीचें हाड सांधलें. मातृभोजनास सूनबाई मुलाशेजारीं पाटावर बसल्या. पंगतींत अळूची भाजी होती, आणि ती त्यांस फार आवडते. थोरल्या जाऊबाईंनीं स्वयंपाकघरांतून एक लहान वाटी आणून त्यांच्या पानांत ठेवली, आणि वाढपी पुन्हां भाजी घेऊन आला तेव्हां त्याला हातानेंच पुढें जाण्यास सांगितलें, आय. एन. आर. ची वही तेव्हांपासून त्यांच्याकडेच आहे.